डीजेवाल्यांनी लीडच्या साईटला पैसे भरावेत का? सोलापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जुळे सोलापूरला राहतो, बारा वर्षं झाली साउंड आणि लाइटचं काम करतोय, सुरुवात दोन टॉप, दोन बेस (वरचे आणि दणक्याचे स्पीकर) आणि भाड्याच्या छोट्या हत्ती टेम्पोवर झाली. तुळशीचं लग्न जवळ आलं की नवीन पोरांचे फोन सुरू होतात, दादा अमक्या साईटवाल्याचा फोन आलाय, वर्षाला इतके म्हणतोय, भरू का. लीडची साईट म्हणजे ज्या वेबसाईटवर गिऱ्हाईक डीजे शोधतं आणि ती चौकशी, म्हणजे लीड, पैसे घेऊन आपल्याकडं पाठवते ती. हे पैसे पोरं उसने काढून भरतात, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

लीड म्हणजे आपल्याला नक्की काय मिळतं?

एक नाव, एक मोबाईल नंबर, तारीख, आणि "डीजे पाहिजे". बास. सुपारी, म्हणजे ठरलेली ऑर्डर, मिळत नाही. हे आधी डोक्यात पक्कं करा कारण सगळी गडबड इथंच होते, पैसे भरताना वाटतं महिन्याला दहा ऑर्डरी येणार आणि येतात ते दहा नंबर. त्या नंबरवरून ऑर्डर काढायचं काम आपलं, त्यात साईटवाला कुठंच नसतो.

या साईट पैसे कसे घेतात?

ढोबळ तीन पद्धती आहेत. एक, वर्षाचं किंवा महिन्याचं पॅकेज, म्हणजे यादीत तुमचं नाव वर दाखवतात आणि त्या भागातली चौकशी तुमच्याकडं पाठवतात. दोन, प्रत्येक लीडला पैसे, आधी बॅलन्स किंवा क्रेडिट भरून ठेवायचं आणि एकेक नंबर उघडला की त्यातून कापले जातात, ऑर्डर झाली काय न झाली काय. तीन, ऑर्डर झाल्यावर कमिशन. आपल्याकडच्या पोरांना जास्त फोन येतात ते पहिल्या पद्धतीचे. जस्टडायल 1996 साली फोनवर पत्ते सांगणारी सेवा म्हणून सुरू झालं होतं त्यामुळं ते नाव घरातल्या म्हाताऱ्या माणसालाही माहीत असतं, वेडमीगुड आणि वेडिंगवायर इंडिया या खास लग्नाच्या साईट, तिथं फोटोग्राफर, मेकअप, डेकोरेशनवाले सगळे एका जागी असतात. नावावर जाऊ नका, आपल्याला दिलेलं पॅकेज वरच्या तीनपैकी कुठल्या पद्धतीचं आहे ते आधी ओळखा.

एकच लीड अजून किती जणांना जाते?

बऱ्याच ठिकाणी चार-पाच जणांना जाते, तसं न सांगता जाते. गिऱ्हाईक एकदा फॉर्म भरतं आणि अर्ध्या तासात त्याला पाच डीजेवाल्यांचे फोन येतात, सहाव्याला तो वैतागून म्हणतो "अहो झालं की आता". म्हणून पैसे भरायच्या आधी विचारायचा पहिला प्रश्न हाच, की लीड एकट्याला देणार का वाटून देणार आणि वाटणार असाल तर किती जणांत. उत्तर व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा ईमेलवर लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ केली तर तेच उत्तर समजा.

सरळ सांगा, सोलापुरात परवडतं का?

एका प्रकारच्या गिऱ्हाइकासाठी परवडतं, बाकी सगळ्यांसाठी नाही. आता ते गिऱ्हाईक कोण ते नीट वाचा कारण माझं सगळं म्हणणं इथंच आहे.

सोलापुरात राहणारा माणूस पोराचं लग्न ठरलं की साईटवर जात नाही. तो आधी कार्यालय बुक करतो, कार्यालयाच्या मॅनेजरला विचारतो "डीजे कुणाचा चांगला ओ मामा", नाहीतर मंडपवाल्याला, नाहीतर मागच्या महिन्यात मेव्हण्याच्या लग्नात कोण होता त्याला फोन लावतो. सात रस्ता असो, बाळे असो, विजापूर रोड असो, इथं माणूस माणसाला विचारूनच ठरवतो. अशा घरातून साईटवर फॉर्म आलाच तर तो बहुतेक वेळा नुसता रेट काढायला आलेला असतो, म्हणजे ठरलेल्या डीजेवाल्याला दाखवायला, की बघ हा इतक्यात करतोय.

पण आपल्याच गावची पोरं आता पुण्यात हिंजवडीला, बंगळुरूला, हैदराबादला नोकरीला आहेत. त्यांचं लग्न सोलापुरातच होतं कारण आईवडील, भाऊबंद सगळे इथं. त्यांना हळदीला कसं म्युझिक पाहिजे, संगीतला कोणत्या गाण्यावर कोण नाचणार, एंट्रीला कोल्ड पायरो, म्हणजे थंड ठिणग्यांचं कारंजं, पाहिजे का, हे सगळं त्यांच्या डोक्यात असतं, आणि इथला एकही डीजेवाला त्यांच्या ओळखीचा नसतो. हे गिऱ्हाईक रात्री जेवण झाल्यावर मोबाईलवर शोधतं आणि साईटवर फॉर्म भरतं. पैशालाही ते फार ओढत नाही, त्याला फक्त खात्री पाहिजे असते की ऐन वेळी माणूस दगा देणार नाही. लीडला दिलेला पैसा सुटतो तो याच्याकडून. तुमचं काम गावातल्या वरातीचं, जयंतीचं, मंडळाचं असेल तर साईटवर एक रुपया घालू नका.

हिशोब कसा मांडायचा?

लीडला किती पडले हे बघू नका, ठरलेल्या ऑर्डरला किती पडले ते बघा. मी पहिल्या वर्षी 18,000 चं पॅकेज घेतलं, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून 21,240 गेले. वर्षभरात 40 लीड आल्या. त्यातल्या 11 चे नंबर बंद, चुकीचे नाहीतर "आम्ही कुठं चौकशी केली" म्हणणारे. उरलेल्यांपैकी 6 जणांनी नीट बोलणं केलं आणि ऑर्डर झाल्या 3. म्हणजे लीडला 531 रुपये पडले, ऐकायला बरं वाटतं, पण ऑर्डरला पडले 7,080.

आता एक ऑर्डर 15,000 ची धरा. टेम्पो 1,500, दोन पोरं प्रत्येकी 800 म्हणजे 1,600, जनरेटरचं डिझेल 1,200, वायर, कनेक्टर, स्पीकरची झीज म्हणून 1,500. खर्च 5,800, हातात 9,200. त्यातून साईटचे 7,080 काढले की राहतात 2,120 रुपये. रात्री दोनला सामान भरून घरी येणाऱ्या माणसाला एका लग्नामागं 2,120. सेटअपच्या कर्जाचा हप्ता यात धरलेलाच नाही.

बायकोनं वहीत हे बेरजेनिशी लिहून माझ्यासमोर ठेवलं तेव्हा मला कळलं, तोवर मी साईट चांगली चालतीय असंच सगळ्यांना सांगत होतो कारण फोन वाजत होता. फोन वाजणं आणि पैसा मिळणं यात फार अंतर आहे, वही घाला, प्रत्येक लीडपुढं तारीख, गाव, काय बोलणं झालं, शेवटी काय झालं हे लिहा, मोबाईलमधे नको, कागदावर.

त्या तीन ऑर्डरींमधे एक मात्र अशी होती की तिच्यातून पुढच्या दोन वर्षांत चार ऑर्डरी आल्या, मुलीची मैत्रीण, मग तिचा चुलत भाऊ असं करत. ते पण हिशोबात धरायला पाहिजे, म्हणून मी साईट पूर्ण सोडली नाही, वापरायची पद्धत बदलली.

वर्षाचं पॅकेज घेऊ का महिन्याचं?

आपला धंदा बारा महिने चालत नाही, पॅकेज मात्र बारा महिने चालतं. तुळशीच्या लग्नानंतर सीझन सुरू होतो, धनुर्मासात थंड पडतो, मग माघ ते वैशाख जोरात, आणि चातुर्मासात लग्नं जवळपास नाहीतच. अधिक महिना आला तर अजून एक महिना गेला, 2026 मधेच 17 मे पासून 15 जून पर्यंत अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळी सीझनचा तुकडाच गेला. साईटच्या सेल्सवाल्याला पंचांग माहीत नसतं, तुम्हाला असलं पाहिजे. तीन महिन्याचं मिळत असेल तर तेच घ्या, ऑक्टोबरच्या शेवटाला सुरू करा, कारण लोक लग्नाच्या दोन-तीन महिने आधी शोधतात, लग्नाच्या आठवड्यात नाही.

सेल्सवाला म्हणतो "गॅरंटी लीड", आणि आजच ऑफर संपतीय. खरं असतं का?

गॅरंटी नंबर देण्याची असते, लग्न ठरवण्याची नाही. आणि आज संपणारी ऑफर पुढच्या सोमवारी परत येते, मी स्वतः तीन वेळा बघितलंय.

यापेक्षा धोक्याची गोष्ट म्हणजे ऑटो डेबिट. पैसे भरताना कार्डचा, यूपीआयचा नाहीतर बँक खात्याचा मँडेट, म्हणजे पैसे आपोआप कापायची परवानगी, सही करून घेतात, आणि "पॅकेज सुरू ठेवायचंय का" न विचारता पुढचा हप्ता जातो. माझा असाच एक हप्ता आषाढात गेला होता, घरात एक ऑर्डर नाही आणि खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज, फोन केला तर हा विभाग तो विभाग करत आठवडा घालवला. तेव्हापासून मी मँडेटवर सही करत नाही, एकरकमी भरतो. तुम्ही केली असेल तर यूपीआय अ‍ॅपमधे ऑटोपे नावाचा भाग असतो तिथून बंद करता येते, खात्यावरचा मँडेट बँकेच्या शाखेत अर्ज देऊन थांबवता येतो. कार्ड आणि यूपीआयच्या ऑटोपेला पैसे कापायच्या किमान 24 तास आधी मेसेज येणं रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बंधनकारक आहे, तो मेसेज जाहिरात समजून पुसू नका.

लीड आली की पहिलं काय करायचं?

फोन. दहा मिनिटाच्या आत. संध्याकाळी सामान उतरवत असाल तरी पोराच्या हातात केबल द्या आणि बाजूला जाऊन फोन लावा.

एक उदाहरण सांगतो. फेब्रुवारीत रात्री दहाला लीड आली, मुलगी हिंजवडीत नोकरीला, लग्न होटगी रोडच्या एका कार्यालयात. मी लगेच फोन केला, ती म्हणाली मी अजून तिघांना मेसेज केलाय, रेट सांगा. मी रेट सांगितला नाही, म्हटलं ताई आधी हॉल सांगा, आणि तिनं नाव सांगितल्यावर त्याच हॉलमधल्या आमच्या आधीच्या सेटअपचा चाळीस सेकंदाचा व्हिडिओ पाठवला, स्टेज कुठं, बेस कुठं ठेवतो, नाचायला जागा किती उरते सगळं दिसत होतं. तिचा पुढचा प्रश्न होता लाइट गेली तर काय. म्हटलं आमचा जनरेटर सोबत असतो आणि दोन मिनिटात आवाज परत येतो, मधे माइक बॅटरीवरच्या स्पीकरला लावून ठेवतो म्हणजे भटजींचं थांबत नाही. शेवटचं वाक्य ऐकून ती हसली आणि म्हणाली मी पप्पांना पाठवते. दोन दिवसांनी तिचे वडील दुसऱ्या एका लग्नात येऊन पाच मिनिटं मागं उभे राहिले, बेसजवळ हात लावून बघितला, आणि तिथंच 5,000 अ‍ॅडव्हान्स दिला. बाकीच्या तिघांनी तिला नुसता रेटचा फोटो पाठवला होता.

म्हणून गावातल्या प्रत्येक मोठ्या कार्यालयातला एक छोटा व्हिडिओ मोबाईलमधे वेगळ्या फोल्डरला तयार ठेवा. साईटच्या कुठल्याही पॅकेजपेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

प्रोफाइलमधे काय लिहावं?

"बेस्ट डीजे इन सोलापूर" लिहू नका, ते सगळेच लिहितात. किती लोकांच्या हॉलला पुरेल असा सेटअप आहे, शार्पी (फिरत्या झोताचे लाइट) किती, जनरेटर स्वतःचा का भाड्याचा, बार्शी, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूरला गाडीभाडं वेगळं का त्यातच, हे लिहा. आणि भाषा लिहा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरात तेलुगू गाणी पाहिजेतच, त्यांचे पाहुणे भिवंडीहून, तेलंगणातून येतात, अक्कलकोट बाजूच्या लग्नात कन्नड गाणी मागतात, आणि पुण्या-मुंबईच्या डीजेकडं ही यादी तयार नसते. मी प्रोफाइलमधे "मराठी, हिंदी, तेलुगू, कन्नड" एवढी एक ओळ घातली आणि हैदराबादहून चौकशी करणारे नीट बोलायला लागले.

रेट टाकावा का?

सुरुवातीचा रेट टाका, "इतक्यापासून पुढं" असा. ज्याला 4,000 मधे सगळं पाहिजे तो तिथंच थांबतो आणि तुमचा एक लीडचा पैसा वाचतो.

फसवे कॉल येतात का?

येतात, आणि साईटवर नंबर उघडा असला की जास्त येतात. ठरलेली चाल आहे. समोरचा हिंदीत बोलतो, मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, मुलीचा बर्थडे आहे, रेटवर घासाघीस अजिबात करत नाही, आणि म्हणतो अ‍ॅडव्हान्स पाठवतो, आमच्या ऑफिसची पद्धत आहे, हा क्यूआर स्कॅन करा आणि पिन टाका म्हणजे पैसे जमा होतील. अक्कलकोट रोडच्या एका पोराचे 9,000 असेच गेले, एकोणीस वर्षांचा पोरगा, पहिली ऑर्डर मिळाली म्हणून आईला सांगून बसला होता. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात, हे आपल्या हाताखालच्या प्रत्येक पोराला सांगा. झालंच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

मिरवणुकीच्या, मंडळाच्या लीड येतात त्या घ्याव्यात का?

गणपती, शिवजयंती, 14 एप्रिल, या सुपाऱ्या मंडळातल्या पोरांच्या ओळखीनंच ठरतात, साईटवरून क्वचित. आणि आल्या तरी घाई करू नका. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमानुसार रात्री 10 ते सकाळी 6 उघड्यावर स्पीकर बंद, रहिवासी भागात दिवसाची मर्यादा 55 डेसिबल आणि रात्रीची 45, आणि दवाखाना, शाळा, कोर्टाच्या आजूबाजूला 100 मीटर शांतता क्षेत्र. वर्षातले ठराविक दिवस शासन 12 पर्यंत सूट देतं. मिरवणुकीबाबत पोलिसांचे आदेश त्या त्या वेळी निघतात, ते पोलीस स्टेशनला जाऊन विचारल्याशिवाय अ‍ॅडव्हान्स घेऊ नका. सामान जप्त झालं तर लीड देणारी साईट सोडवायला येत नाही. आणि कायदा बाजूला ठेवला तरी घराघरात तान्ही पोरं, हार्टचे पेशंट असतात, माझ्या आईला बायपासनंतर बेसचा आवाज सहन होत नव्हता तेव्हापासून मी उघड्यावरचा सेटअप निम्म्यावर आणला.

हॉटेलातल्या न्यू इयर पार्टीची लीड आली तर गाण्यांचं लायसन्स हॉटेल काढणार का आपण, हे पहिल्या फोनवरच ठरवून घ्या.

गूगलवर फुकट होतं मग पैसे कशाला?

बरोबर प्रश्न आहे आणि क्रम पण हाच पाहिजे, आधी फुकटचं. गूगल बिझनेस प्रोफाइल फुकट आहे. नाव, भाग, फोन, खरे फोटो टाका आणि प्रत्येक लग्नानंतर तिसऱ्या दिवशी नवरदेवाला किंवा ज्यानं बुक केलं त्याला लिंक पाठवून रिव्ह्यू मागा. दुसऱ्याच दिवशी नको, सगळे दमलेले असतात, आठवड्यानंतर विसरतात. पैसे देऊन किंवा भाच्या-पुतण्यांकडून खोटे रिव्ह्यू लिहून घेऊ नका, गूगल ते काढून टाकतं आणि लोकांनाही कळतं, एकाच दिवशी वीस जण "सुपर डीजे" लिहितात तेव्हा कोण विश्वास ठेवणार. वीस-पंचवीस खरे रिव्ह्यू झाल्याशिवाय लीडच्या साईटला पैसे भरू नका, कारण साईटवरून आलेलं गिऱ्हाईक सुद्धा तुमचं नाव गूगलवर टाकून बघतंच.

कार्यालयवाल्याला, मंडपवाल्याला कमिशन देतो, ते आणि साईट एकच नाही का?

पैसे दोन्हीकडं जातात पण फरक आहे. मंडपवाला ऑर्डर ठरल्यावर घेतो आणि त्याची स्वतःची अब्रू त्यात असते, मी उशिरा पोचलो तर गिऱ्हाईक त्यालाही बोलतं. म्हणून तो कुणालाही पाठवत नाही. फक्त कमिशन आधी उघड ठरवा आणि गिऱ्हाइकाच्या बिलात गुपचूप चढवू नका. एका कार्यालयानं माझ्याकडं तिसरा हिस्सा मागितला होता, मी नमस्कार करून बाहेर आलो.

जीएसटी नंबर नाही, चालतं का?

सेवेचा धंदा वर्षाला 20 लाखाच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही. पण मग साईटला दिलेला 18 टक्के तुमच्या खिशातूनच गेला, परत मिळत नाही, हिशोबात धरा.

बाहेरच्या देशातल्या डीजेंना याचा फायदा होतो म्हणतात?

तिकडं पण हाच वाद आहे. अमेरिकेत थंबटॅकवर लीडमागं पैसे जातात, गिगसॅलडला मेंबरशिप असते, ब्रिटनमधून सुरू झालेल्या बार्कवर क्रेडिट विकत घ्यावे लागतात, आणि तिकडचे डीजे पण म्हणतात की स्वस्तातलं गिऱ्हाईक जास्त येतं. पण तिकडं लग्न ठरवणारी जोडी स्वतःच सगळं शोधते, मधे मामा, मंडपवाला, भाऊबंद नसतात, त्यामुळं त्यांचा हिशोब आपल्याला लागू करू नका.

तू स्वतः यंदा काय केलंस?

एकाच साईटवर तीन महिने, नोव्हेंबर ते जानेवारी, एकरकमी, ऑटो डेबिट नाही. भागात सोलापूर शहर ठेवलं, पण बोलताना पहिला प्रश्न "तुम्ही राहायला कुठं" हा विचारतो, पुणे-हैदराबाद-बंगळुरू म्हटलं की हातातलं काम सोडून बोलतो. जे पैसे वाचले त्यात दोन चांगले कॉर्डलेस माइक घेतले, कारण मागच्या सीझनला सप्तपदी चालू असताना भटजींचा माइक दोनदा बंद पडला होता आणि वधूचे आजोबा माझ्याकडं बघत होते.